सॉफ्टवेअरचा क्लास लावावा का? पैसे भरण्याआधी करायचा हिशोब

दरवर्षी निकाल लागले की मला तोच फोन येतो. कधी भाच्याचा, कधी गावाकडच्या मित्राच्या मुलीचा. "काका, मेकॅनिकल झालं. पुण्यात कॅटियाचा क्लास लावू का? घरचे फी भरायला तयार आहेत." अलीकडे भोसरी-चाकणचे छोटे कारखानदारही हेच विचारतात. दोन पोरांना पाच दिवस ट्रेनिंगला पाठवायचं, तेवढे दिवस ड्रॉइंग अडकून पडणार, मग हे वसूल होईल का? कॅटिया म्हणजे यंत्राच्या भागांची मॉडेलं संगणकावर काढायचं सॉफ्टवेअर. फोनवर मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. माझ्यावर एकदा काय गुदरलं ते आधी सांगतो.

२०१० साली मीही असाच एक क्लास लावला होता. तीन महिने, बॅचमध्ये बावीस जण. सर प्रोजेक्टरवर करून दाखवायचे, आम्ही मागोमाग करायचो. एक्सट्रूड, रिव्हॉल्व्ह, फिलेट, पॅटर्न, सगळ्या कमांड पाठ झाल्या. सरांनी शिकवलेला पिस्टन मी वीस मिनिटांत काढून मोकळा व्हायचो. मग एका कंपनीत मुलाखतीला गेलो. टेबलावर झिजलेला बिडाचा ब्रॅकेट, व्हर्निअर आणि संगणक. "मोजा आणि मॉडेल करा, तासभर वेळ आहे." पहिली रेघ कुठून मारायची तेच मला कळेना. कुठला पृष्ठभाग मशीन केलेला, कुठला ओतीव तसाच ठेवलेला, मापं कुठून धरायची, याबद्दल तीन महिन्यांत एक शब्द कानावर पडला नव्हता. नोकरी हुकली.

पुढे एका छोट्या टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं बनवायची जागा) लागलो. तिथले एक काका, शिक्षण आयटीआय, शनिवारी दुपारी काम आटोपलं की माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. "हे भोक त्या कडेवरून का मोजलंस? ती कड हाताने घासलेली आहे, प्रत्येक नगाला वेगळी येणार." असे पाच-सहा शनिवार गेले आणि मला मॉडेल करता यायला लागलं. क्लासही समोरासमोरचा होता आणि काकाही समोरासमोरच शिकवत होते. पण क्लासमध्ये मी सरांची स्क्रीन बघत होतो आणि टूलरूममध्ये काका माझी स्क्रीन बघत होते. प्रत्यक्ष प्रशिक्षणाला पैसे द्यायचे ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. पहिली गोष्ट आता घरबसल्या मिळते, बहुतेक वेळा फुकट.

पायरी १ : आधी काम ठरवा, मग सॉफ्टवेअर

"कुठल्या सॉफ्टवेअरला स्कोप आहे?" या प्रश्नाने सुरुवात केलीत की क्लासवाला त्याच्याकडे जे आहे त्याचंच नाव सांगणार. त्यापेक्षा तुम्हाला ज्या कंपन्यांत जायचंय तिथल्या नोकरीच्या पंधरा-वीस जाहिराती काढा आणि त्यात काय मागितलंय ते वहीत उतरवा. साधारण असं दिसेल : वाहन उद्योग आणि त्यांचे पुरवठादार कॅटिया, एनएक्स किंवा क्रिओ मागतात. एसपीएम (एका ठराविक कामासाठी बनवलेली खास मशीन) आणि फिक्स्चर (काम पक्कं धरून ठेवायचं साधन) बनवणाऱ्यांकडे सॉलिडवर्क्स आणि ऑटोकॅड जास्त. सीएनसी शॉपला मास्टरकॅम किंवा त्यासारखं कॅमचं, म्हणजे मशीनला कापायचा मार्ग आखून देणारं, सॉफ्टवेअर येणारा माणूस हवा असतो. स्ट्रक्चरचं काम करणाऱ्या सिव्हिलवाल्यांना स्टॅड किंवा ईटॅब्स लागतं.

जाहिरातीत सॉफ्टवेअरच्या नावाशेजारी काय लिहिलंय तेही बघा. शीट मेटल, प्लास्टिकचे भाग, वेल्डिंग फिक्स्चर, जीडी अँड टी (भागाच्या आकारात किती फरक चालेल ते ड्रॉइंगवर लिहायची पद्धत). नोकरी बऱ्याचदा त्या शेजारच्या शब्दांवर मिळते. एक सॉफ्टवेअर नीट आलं की दुसऱ्यावर जायला काही आठवडे पुरतात. मला सॉलिडवर्क्सवरून क्रिओवर यायला महिना लागला. पण शीट मेटल वाकवताना वाकाच्या आतली त्रिज्या किती धरायची हे कुठलंही सॉफ्टवेअर शिकवत नाही.

पायरी २ : पंधरा दिवस घरी करून बघा आणि वही ठेवा

ही पायरी कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त पैसे हीच वाचवते. शिकण्यापुरतं सॉफ्टवेअर आज घरी कायदेशीरपणे मिळतं. ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना ऑटोकॅड, फ्यूजन आणि इन्व्हेंटर वर्षभरासाठी मोफत देतं आणि पात्रता असेपर्यंत मुदत वाढवता येते. सॉलिड एजची विद्यार्थी आवृत्ती मोफत आहे. अ‍ॅन्सिसचीही आहे, ते भागावरचा ताण काढायचं सॉफ्टवेअर, फक्त मॉडेलच्या आकारावर मर्यादा आहे. लॅपटॉप जुना असेल तर ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, पण मोफत खात्यातलं काम सगळ्यांना दिसतं, म्हणून तिथे कंपनीचं ड्रॉइंग टाकू नका. फ्रीकॅड तर पूर्ण खुलं आहे. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि सरावाला ती चांगली आहे. शिकायला आयआयटी आणि आयआयएस्सीचं एनपीटीईएल आहे. अभ्यासक्रम फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये खुल्या सॉफ्टवेअरचे बरेच पाठ मराठीतही ऐकायला मिळतात.

कॅटिया व्ही-५ चं तसं नाही. विद्यार्थ्याला ते घरी रीतसर मिळवणं सोपं नाही, त्यामुळे तिथे क्लासच्या संगणकाचा वापर हाही फीचाच भाग समजा. तरी पहिले पंधरा दिवस फ्रीकॅड किंवा सॉलिड एजवर घालवा. स्केच, बंधनं (रेषांची मापं आणि जागा बांधून देणं), फीचर, असेंब्ली (भागांची जोडणी) ही समज सगळीकडे सारखीच लागते.

या पंधरा दिवसांत घरातली एखादी खरी वस्तू घ्या. दाराची कडी, सायकलचा ब्रेक लिव्हर, मिक्सरच्या भांड्याची जाळी. व्हर्निअर नसेल तर साधी पट्टी चालेल. मोजा, मॉडेल करा, आणि जिथे अडलात तिथे वहीत एक ओळ लिहा. पंधरा दिवसांनी वही उघडून प्रत्येक ओळीपुढे "कुठे" किंवा "का" लिहा. "मिरर कुठे सापडतं", "मेट (दोन भागांची जोडणी) कसा काढायचा" या झाल्या "कुठे" ओळी. "माप बदललं की भोक का सरकतं", "फिलेट (कोपरा गोल करणं) आधी की शेल (आतून पोकळ करणं) आधी आणि का" या "का" ओळी. वही "कुठे"ने भरली असेल तर क्लास लावू नका; आणखी महिनाभर बसलात की ते सगळं सुटेल. "का"ने भरली असेल तर तुम्हाला शेजारी बसणारं माणूस हवंय, आणि त्याच्याकडे कोणते प्रश्न घेऊन जायचे तेही वहीत आयतं तयार आहे.

"का" म्हणजे काय ते एका भागावर दाखवतो. सॉलिडवर्क्समध्ये १०० मिमी लांबीची प्लेट काढा आणि उजव्या बाजूला एक भोक पाडा. स्केचच्या रेषा निळ्या म्हणजे अजून काहीतरी सुटं आहे, काळ्या म्हणजे पूर्ण बांधलेलं. तुमचं स्केच काळं आहे, सगळं ठीक दिसतंय. आता लांबी १२० करा. भोक डाव्या कडेपासून ८० वर बांधलं असेल तर ते तिथेच राहील आणि उजव्या कडेपासून २० ऐवजी ४० वर जाईल. उजव्या कडेपासून बांधलं असेल तर कडेबरोबर सरकेल. दोन्ही स्केच काळीच. बरोबर कुठलं ते त्या भोकात बसणारा बोल्ट पलीकडे कशाला जोडला जातो त्यावर ठरतं, आणि सॉफ्टवेअरला पलीकडचं काही माहीत नसतं. माझ्या पाहण्यात नव्या मुलांच्या निम्म्याहून जास्त चुका या जातीच्या असतात. व्हिडिओ बघून त्या सुटत नाहीत, कारण व्हिडिओतल्या माणसाला तुमची प्लेट दिसत नाही.

पायरी ३ : चूक ओरडते की गप्प बसते?

कुठल्या सॉफ्टवेअरला समोर माणूस हवाच, हे मी एका प्रश्नावर ठरवतो. चूक झाली तर ते सांगतं का?

टू-डी ड्राफ्टिंग आणि साधं मॉडेलिंग बरंचसं सांगतं. फीचर ट्री (भाग कुठल्या पायऱ्यांनी बनला त्याची यादी) लाल होते, असेंब्लीत भाग एकमेकांत घुसलेले दिसतात. तिथे घरी शिकणं जमतं.

अ‍ॅनालिसिसचं सॉफ्टवेअर, म्हणजे भार पडल्यावर भाग किती वाकेल आणि ताण किती येईल ते काढणारं, सांगत नाही, आणि म्हणून मला त्याचीच धास्ती वाटते. आधार चुकीचा द्या, मेश (हिशोबासाठी भागाचे केलेले छोटे तुकडे) जाड ठेवा, एककांची गल्लत करा, तरी ते निळा-हिरवा-लाल सुंदर नकाशा काढून देतं. अबॅकस किंवा नॅस्ट्रानसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एककं आपणच सांभाळायची असतात. न्यूटन, मिलिमीटर आणि सेकंद धरलं की वस्तुमान टनात येतं, म्हणजे पोलादाची घनता ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात. कुणी सवयीने किलोचा हिशोब करून उणे ६ वा घात टाकला तर स्थिर भाराचा ताण बरोबरच येतो, शंका येत नाही. पण कंपनाची वारंवारता सुमारे ३२ पट कमी येते. ज्याने ही चूक आधी केलेली असते तो आकडा बघताक्षणी सांगतो. एकट्याने शिकणारा तो आकडा अहवालात लिहून मोकळा होतो.

कॅमचं तर त्याहून वाईट, कारण तिथे चूक लोखंडावर उमटते. फॅनुक कंट्रोलवर (मशीनला आज्ञा देणारा संगणक) सेटिंगप्रमाणे दशांश टिंब नसलेला "एक्स १०" दहा मिलिमीटर धरला जातो किंवा दहा मायक्रॉन. पोस्ट प्रोसेसर (कॅमचा मार्ग मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम) कुठल्या कंट्रोलसाठी लिहिलाय, जी-५४ चा ऑफसेट (मशीनवर कामाचा शून्यबिंदू) कुणी कसा घेतलाय, क्लॅम्प टूलच्या वाटेत येतोय का, हे मशीनपाशी उभं राहूनच कळतं. म्हणून कॅम शिकायचं तर जिथे संगणकाच्या पलीकडच्या खोलीत मशीन चालू आहे अशाच ठिकाणी जा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारखी सरकारी टूल रूम हा त्यातला चांगला नमुना : तिथे प्रशिक्षण आणि प्रत्यक्ष उत्पादन दोन्ही चालतं. फक्त सिम्युलेशन दाखवून कॅम शिकवणाऱ्याकडे जाऊ नका, हे मी अगदी ठामपणे सांगतो.

स्टॅडवाल्यांनाही हेच लागू आहे. पाया जखडलेला धरला की बिजागरीचा, यावर बीम-कॉलमचे मोमेंट बदलतात, आणि रन दोन्ही वेळा बिनतक्रार पूर्ण होतो.

पायरी ४ : तुमच्या वाट्याची मिनिटं मोजा

आता पैशाचा हिशोब. क्लासची जाहिरात तास सांगते, पण तुम्ही विकत घेताय ती शिकवणाऱ्याची नजर. समजा ४० तासांचा कोर्स आहे, म्हणजे २४०० मिनिटं. चांगला शिक्षक निम्मा वेळ फळ्यावर आणि निम्मा वेळ मुलांमध्ये फिरत घालवतो असं धरू. उरली १२०० मिनिटं. बॅच १५ जणांची असेल तर तुमच्या वाट्याला ८० मिनिटं आली, बॅच ६ जणांची असेल तर २००.

पहिल्या ठिकाणी फी २४,००० आणि दुसऱ्या ठिकाणी ४०,००० असेल, तर पहिल्याकडे नजरेचं एक मिनिट ३०० रुपयांना पडतं आणि दुसऱ्याकडे २०० रुपयांना. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेत, तुमच्या क्लासचे घालून बघा. शिक्षक खुर्चीवरून उठतच नसेल तर तुमच्या वाट्याला शून्य मिनिटं येतात, मग फी कितीही कमी असो.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी खोलीभाडं, मेस आणि प्रवास फीमध्ये मिळवूनच भागाकार करावा. बीड किंवा सोलापूरहून येऊन तीन महिने राहिलं की कित्येकदा हा खर्च फीच्या वर जातो. अशांनी एक जास्तीचा पर्याय तपासावा : आपल्याच गावच्या एमआयडीसीत काम करणारा डिझायनर रविवारी दोन तास बसेल का? त्याला रीतसर मानधन द्या, बाकी आठवडाभर घरी सराव करा आणि रविवारी त्याच्यासमोर मॉडेल उघडा. आठ रविवार म्हणजे ९६० मिनिटं, सगळी तुमची. मी दोन मुलींना असंच करायला लावलं. दोघी आज डिझाइनमध्ये आहेत.

प्रत्यक्ष क्लासची एक बाजू मात्र कुठल्याच भागाकारात बसत नाही. मराठी माध्यमातून डिप्लोमाला आलेल्या मुलाला शंका असते, पण ती इंग्रजीत टाइप करता येत नाही म्हणून तो ती विचारतच नाही. समोर मराठी बोलणारे सर असले की "सर, हे असं का झालं?" एवढं स्क्रीनकडे बोट दाखवून विचारता येतं. तुमचं असं होत असेल तर समोरासमोरच्या शिकण्याला जास्त वजन द्या. त्यात कमीपणा काही नाही.

पायरी ५ : डेमोला पट्टी घेऊन जा

डेमो लेक्चरला नुसतं ऐकून येऊ नका. चालू बॅचमध्ये अर्धा तास मागे बसू द्या म्हणा. तिथे एकच बघा, सर किती वेळा उठून कुणाच्या तरी खुर्चीमागे गेले. सॉफ्टवेअर परवान्याचं आहे का, कुठल्या वर्षाची आवृत्ती आहे, प्रत्येकाला स्वतंत्र संगणक आहे का, हे विचारून घ्या. क्रॅक केलेली प्रत असेल तर तिथे शिकू नका.

मग शिक्षकाची परीक्षा घ्या, अदबीनेच. मॉडेलिंगचा क्लास असेल तर वरची प्लेट उघडा आणि "भोक कुठून बांधू?" असं विचारा. शिकवणाऱ्याने उलट "हा भाग कशावर बसतो?" असं विचारलं तर तिथे नाव घाला. त्याने लगेच एखादी कड दाखवली तर अजून दोन क्लास बघा.

अ‍ॅनालिसिसच्या क्लाससाठी मी ही पट्टी देतो : १०० मिमी लांब, २० रुंद, ५ जाड, पोलादाची. एक टोक जखडलेलं, दुसऱ्या टोकाला जाडीच्या दिशेने १०० न्यूटन. कागदावर सोडवा. जडत्वाचा आघूर्ण २०८.३ (मिमीचा चौथा घात) येतो, यंगचा मापांक २ लाख मेगापास्कल धरला तर टोक ०.८ मिमी वाकतं आणि मुळाशी ताण १२० मेगापास्कल येतो. आता शिक्षकाला सांगा, जाडीत एकच थर ठेवून पहिल्या क्रमाच्या टेट्रा एलिमेंटने (चार कोपऱ्यांचे साधे तुकडे) हीच पट्टी सोडवा. उत्तर ०.८ च्या बरंच खाली येतं, कारण ते एलिमेंट वाकायला फार ताठ असतं. मग मेश बारीक करत जा. वाक ०.८ कडे येईल, पण जखडलेल्या कोपऱ्यातला ताण वाढतच राहील. "सर, हा वाढतोय तर खरा ताण कुठला धरायचा?" असं विचारा. जो कोपऱ्यातला आकडा बाजूला ठेवून थोड्या अंतरावरचा ताण हाताच्या गणिताशी ताडून दाखवेल, तो तुम्हाला अ‍ॅनालिसिस शिकवेल. जो म्हणेल "सॉफ्टवेअर दाखवतंय तेच खरं", त्याच्याकडे बटणं दाबायला तेवढं शिकाल.

प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात. क्लासचं प्रमाणपत्र आणि सॉफ्टवेअर कंपनीचं प्रमाणपत्र या वेगळ्या गोष्टी आहेत. सॉलिडवर्क्सची सीएसडब्ल्यूए परीक्षा क्लास न लावताही ऑनलाइन देता येते. "शंभर टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं दिसलं तर मागच्या बॅचच्या चार जणांशी बोलू द्या म्हणा. फोन लागला तर पगार विचारू नका. सध्या रोजचं काम काय करता, ते विचारा.

कारखानदारांसाठी

तुमचा हिशोब थोडा वेगळा. पाच दिवस माणूस बाहेर गेला की फीसोबत त्याचा पगार आणि अडकलेलं काम धरावं लागतं. चार किंवा जास्त माणसं शिकणार असतील तर प्रशिक्षकालाच कारखान्यात बोलवा. गुप्ततेचा करार लिहून घ्या, आणि सराव तुमच्याच मागच्या वर्षीच्या ड्रॉइंगवर करून घ्या. क्लासमधला पिस्टन शिकून तुमचं कन्व्हेअरचं काम पुढे सरकत नाही. सलग पाच दिवसांऐवजी आठवड्याला एक दिवस असे पाच आठवडे ठेवता आले तर पोरं मधल्या दिवसांत अडतात आणि पुढच्या वेळी खरे प्रश्न घेऊन बसतात.

पाठवायचं कुणाला? ज्याच्या टेबलावर परतल्या आठवड्यात त्याच सॉफ्टवेअरचं काम येणार आहे त्याला. मी एकदा सरफेसिंगच्या (वक्र पृष्ठभाग काढायच्या) ट्रेनिंगला गेलो आणि परत आल्यावर चार महिने एकही सरफेसचं काम आलं नाही. काम आलं तेव्हा सगळं नव्याने शोधावं लागलं. परवाना यायचा असेल, प्रकल्प सुरू व्हायचा असेल, तर प्रशिक्षणही तोवर थांबवा.

पैसे भरताना

फी हप्त्यांत द्या, आणि पहिला हप्ता दोन-तीन वर्ग बसून झाल्यावर. पावतीवर किंवा निदान ई-मेलमध्ये या गोष्टी लिहून घ्या : एकूण तास, बॅचमध्ये जास्तीत जास्त किती जण, सॉफ्टवेअरची आवृत्ती, शिकवणारी व्यक्ती कोण, आणि ती मध्येच बदलली तर काय. जीएसटी फीमध्ये धरलाय की वेगळा, तेही. डेमोला अनुभवी माणूस आणि बॅचला कालच कोर्स संपवलेला मुलगा, असं होतं, म्हणून नाव लिहून घ्यायचं.

पहिल्या दिवशी जाताना ती "का"ची वही आणि पंधरा दिवसांत केलेली मॉडेल पेन ड्राइव्हवर घेऊन जा. लवकर पोचा, वर्ग सुरू व्हायच्या आधी एक फाइल उघडून ठेवा आणि सर आत आले की त्यांना तुमच्या खुर्चीपाशी बोलवा.